फॅमिलीसर्च : फुकटात भारी, पण कुलकर्णी असाल तर जरा धीर धरा

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काही कधी छापला गेला नाही, म्हणून सदाशिव पेठेतल्या काकांच्या आग्रहाने फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर अकाउंट काढलं. पैसे अजिबात लागत नाहीत, अमेरिकेतलं मॉर्मन चर्च चालवतं. इथे प्रत्येकाची वेगळी वंशावळ नसते, जगभराची मिळून एकच, म्हणजे तुमच्या पणजोबांच्या पानावर कोणीही येऊन दुरुस्ती करू शकतं. आमच्याकडे झालंच ते. कुणीतरी एकाच नावाचे कऱ्हाडचे आणि वाईचे दोन कुलकर्णी एकत्र करून टाकले, आता कुलकर्णी हे गावोगावचं वतन, आडनाव जुळलं म्हणून नातं थोडंच लागतं! पण कोणी कधी काय बदललं ते सगळं तिथे दिसतं आणि परत पूर्ववत करता येतं, आणि मेसेज टाकला तर समोरचा माणूसही भला निघाला, लगेच सॉरी म्हणाला.

खरी गोम बायकांच्या नावात आहे. साइटवर बाईचं माहेरचं नाव लावायची पद्धत, आणि आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं की जुनं नाव विसरूनच जायचे सगळे. आजी सासरच्या नावाने सापडेना, काकांना स्वतःच्या आईचं माहेरचं नाव आठवेना (!), शेवटी मोठ्या आत्याला फोन लावला तर तिने आजी, पणजी, चुलत आजी सगळ्यांची माहेरं एका दमात सांगितली. सासरचं नावही पर्यायी नाव म्हणून टाकून ठेवा, पुढच्याला सापडेल.

जिवंत माणसांची पानं इतरांना दिसत नाहीत, हे बरंच आहे. त्यामुळे चुलत-मावस भावंडं थेट शोधत बसू नका, गेलेल्या आजोबा-पणजोबांचं नाव, वडलांचं नाव आणि गाव टाका, आणि ते पान ज्याने भरलंय त्याला मेसेज करा, बहुतेक तोच तुमचा नातेवाईक निघतो. आडनावाची स्पेलिंगं बदलून बघा, दीक्षित तर लोक वाट्टेल तसं लिहितात. गोत्र, कुलदैवत नोट्समध्ये लिहाच, एकाच नावाची माणसं त्यावरून वेगळी काढता येतात.

हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे तीर्थावरच्या उपाध्यायांच्या, यात्रेकरू घराण्यांची नावं लिहिलेल्या वह्यांचे फोटोही आहेत साइटवर, पण आमची मंडळी जायची नाशिक-त्र्यंबकला, तिथल्या उपाध्यायांच्या नामावळीसाठी अजून पुण्याहून एसटीच पकडावी लागते. चार स्टार.