चावीचा टायमर आणि रखडलेली कामं: दिवाळी ते गणपती

स्वयंपाकघरात वापरतात तसला चावीचा टायमर दिवाळीत चिपळूणच्या बाजारातून आणला. आता गणपती तोंडावर आलेत, म्हणजे गुहागरचा पावसाळाही त्याने बराचसा काढलाय.

टायमर लावून काम करायची ही 'पोमोडोरो' पद्धत जुनीच. इटलीच्या फ्रान्सेस्को चिरिल्लो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचा असाच टायमर समोर ठेवून ती सुरू केली. २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं सुट्टी, चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. मोबाइलवरही जमतं, पण मोबाइल हातात आला की काम राहिलंच. शिवाय वादळात वीज गेली की चार्जिंग जपावं लागतं. याला सेलही लागत नाही.

आमच्याकडे आगोटीची कामं कोणी टाळत नाही. लाकडं आत घेणं, कौलं परतणं, पन्हळी लावणं, सगळं मिरगाच्या आधी उरकतं, कारण पाऊस कोणासाठी थांबत नाही. रखडतात ती पाऊस मागे न लागलेली कामं. पर्यटकांना दोन खोल्या देतो त्याचा हिशोब, आणि सातबाऱ्यावरची वारस नोंद! त्या कागदांची पिशवी आजोबा गेल्यापासून कपाटात होती. 'आज फक्त कागद लावायचे, अर्ज लिहायचा नाही' असं ठरवून चावी फिरवली. कागद लागले, मग अर्जाचं भय उरलं नाही. तलाठ्याकडे देऊनही झाला. माझ्यापुरते टायमरचे पैसे तिथेच वसूल.

सुपारी सोलायला मात्र हा कुचकामी. ते काम गप्पांवर चालतं, घंटा वाजली की उलट रसभंग. मूळ नियमाप्रमाणे मध्येच उठलं तर फेरी बाद. पडवीत बसणाऱ्याला हे कसं झेपणार? शेजारचे काका "आहेस काय रे?" म्हणत आले की चहा ठेवावाच लागतो. मी फेरी बाद धरत नाही, काका गेल्यावर उरलेली मिनिटं लावतो. आई अजूनही घंटा ऐकून कुकर बघायला जाते.

वस्तूबद्दल: पाच मिनिटं लावायची असली तरी आधी चावी पूर्ण फिरवून मग मागे आणा, नाहीतर काटा अर्ध्यातच अडकतो. टिकटिक मोठी आहे, झोपायच्या खोलीत नको. खाऱ्या हवेने मागच्या पत्र्याला आषाढातच गंज धरला, म्हणून आता झाकणाच्या डब्यात ठेवतो. किनाऱ्यावर राहत असाल तर पत्र्याचा दिसायला छान असला तरी प्लॅस्टिकचाच घ्या.