दराऱ्याला तुर्की शब्द: 150 रुपयांच्या जुन्या कोशाचा अनुभव

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात मी इम्पोर्टची कागदपत्रं बघते. कापडाच्या मशीनचे सुटे भाग आम्ही तुर्कस्तानातल्या बुर्साहून मागवतो. दिवाळीच्या आधी तिथल्या कंपनीतल्या एक बाई ठाण्यात आल्या होत्या. आमच्याकडे आत शिरताच समोर मालकांच्या आईचा, आक्कांचा, हार घातलेला फोटो आहे. आक्का जिना चढायला लागल्या की वरच्या गप्पा आपोआप थांबायच्या. आणि 2005 च्या 26 जुलैला गाड्या बंद पडल्या तेव्हा याच आक्कांनी आम्हा सहा जणींना घरी नेलं, पिठलं-भात करून वाढला आणि सगळ्यांच्या घरी निरोप पोचेपर्यंत स्वतः झोपल्या नाहीत.

बाईंनी विचारलं, या कोण? मी इंग्रजीत सांगून बसले की सगळे यांना टेरिफाइड असायचे. त्या फोटोकडे बघत हळूच म्हणाल्या, "कोर्कुन्च?" म्हणजे भयानक, हे मला रात्री फोनवर शोधल्यावर कळलं. आक्कांबद्दल आपण असं सांगितलं याचं फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे हा इंग्रजी–तुर्की कोश मिळाला. 150 रुपये. मुखपृष्ठ आणि पहिली पानं फाटलेली, त्यामुळे नाव सांगता येत नाही. शब्द अकारविल्हे नसून विषयवार लावले आहेत, आणि भीती व आदर या दोहोंचे शब्द एकाच प्रकरणात आहेत. माझे पैसे त्या एका प्रकरणातच वसूल झाले.

फॉर्मिडेबल या शब्दासमोर पहिलाच शब्द दिसला, हेयबेत्ली. हेयबेत म्हणजे आपली हैबत! मूळ अरबी शब्द, तिकडेही गेला आणि फारसीतून आपल्याकडेही आला. आपल्याकडे हैबत म्हटलं की धडकी भरते. तिकडे त्यात भव्यपणा आहे, समोर उभं राहिल्यावर मान आपोआप खाली जावी असा. पण आपल्या नावांत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. आळंदीला हैबतबाबांच्या पायरीवर डोकं टेकताना कुणाला भीती वाटते? देहशेत म्हणजे दहशत, हेही तसंच. त्याच धातूचा म्यूथिश हा शब्द मात्र पार उलटला आहे: पूर्वी भयंकर, आता झकास. इंग्रजीतल्या टेरिफिकचंही हेच झालं. ऑ (awe), म्हणजे भीती मिसळलेला आदर, या एकाच शब्दातून ऑफुल आणि ऑसम निघाले, एक वाईट झाला, एक चांगला. हे तीन शब्द कोशात एकाखाली एक छापले आहेत, ती मांडणी मला फार आवडली.

यावुझ हा शब्दही इथेच भेटला. 1512 ते 1520 राज्य केलेला उस्मानी सुलतान पहिला सलीम, त्याला तुर्क यावुझ म्हणतात आणि इंग्रज ग्रिम. ग्रिममध्ये नुसती उग्रता आहे. यावुझमध्ये उग्रतेबरोबर करारीपणा आहे, म्हणून तर तिथले लोक मुलाचं नाव यावुझ ठेवतात. आपल्याकडे हैबतराव ठेवायचे तसंच.

पण सगळ्यात जास्त वेळ मी थांबले ते सायगी या शब्दावर. सायगी म्हणजे आदर. तो आला सायमाक या क्रियापदावरून, आणि सायमाकचा साधा अर्थ मोजणे. आपण म्हणतोच ना, "तो कुणाला मोजत नाही"! लोकलमध्ये उभ्याउभ्या हे वाचलं आणि कळव्यापर्यंत दुसरं काही सुचलं नाही. भीती तुर्कीत सोडली जाते, पसरवली जाते, कोर्कू सालमाक. आदर जागवला जातो, सायगी उयांदिरमाक. आपल्याकडे धाक बसतो आणि आदर वाटतो. चेकिनमेक म्हणजे स्वतःला मागे ओढून घेणं, आपली भीड. आक्कांसमोर आम्ही करायचो ते हेच.

आता उणिवा. छपाईत टिंबाचा आणि बिनटिंबाचा आय एकच करून टाकला आहे. तुर्कीत ही दोन वेगळी अक्षरं आहेत: टिंबासकट कीर म्हणजे मळ, बिनटिंबाचा म्हणजे माळरान. नवशिक्याने या कोशावरून उच्चार अजिबात शिकू नयेत. दुसरी उणीव जास्त मोठी: शब्दांना वाक्यं नाहीत. कुठला शब्द माणसाला लावायचा, कुठला डोंगराला, हे कळायला मार्ग नाही. माझी फजिती त्यानेच झाली. जानेवारीत बिलाच्या कामासाठी व्हिडिओ कॉल होता. काम संपल्यावर मी बाईंना म्हटलं, आक्का कोर्कुन्च नव्हत्या, हेयबेत्ली होत्या. त्या आधी खूश झाल्या, मग विचारलं, खूप उंच, धिप्पाड होत्या का? आक्का जेमतेम माझ्या खांद्याला लागायच्या.

मग मी पुराची रात्र सांगितली, जिन्यातल्या पावलांचं सांगितलं. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "सेविलेन, सायलान." जिच्यावर माया केली जाते, जिला मोजलं जातं अशी. तिकडे ही जोडी एका दमात म्हणतात. माझ्या कोशात ती नाही. आदराच्या पानावर, समासात, मी ती पेनाने लिहून ठेवली आहे.