आवाजावरून पक्षी ओळखणारं अ‍ॅप: होळीपासून मृगापर्यंत वापरून

येडशीच्या रामलिंग अभयारण्यापासून थोड्याच अंतरावर आमचं वावर आहे. वरच्या अंगाला लिंब, बाभूळ, पळस, मधूनच चंदन अशी दाट राई. पक्षी भरपूर ऐकू येतात, दिसत मात्र नाहीत. म्हणून मोबाईलचा माइक चालू ठेवला की पक्ष्याचं नाव सांगणारं एक मोफत अ‍ॅप होळीच्या सुमारास घेतलं.

दिवस उगवायच्या आधी शेंड्यावर बसून दयाळ गातो, तो ओळखताना अ‍ॅप क्वचितच चुकतं. सुभग, हळद्या, शिंपीही पटकन सांगतं. पण माझ्या लेखी खरी कामाची गोष्ट म्हणजे स्क्रीनवर सरकणारा आवाजाचा आलेख. तांबटाचे ठिपके एका ओळीत, एकाच उंचीवर, बेचाळीस डिग्रीच्या दुपारीही न थकता. पावशाचा आलेख जिन्यासारखा चढत जातो, टोकाला तुटतो आणि पुन्हा खालून सुरू होतो. हे डोळ्यांनी पाहिल्यावर कानाला आपोआप कळायला लागतं. मे अखेरीला पावशा आणि कोकीळ ओळखायला मला फोन खिशातून काढावा लागत नव्हता. आबांना याचं काही कौतुक नाही. म्हणे, "पावशा वळखायला मोबाईल लागतोय व्हय? त्याला इचार, पाऊस कवा पडतोय!"

कोतवालापुढे मात्र अ‍ॅपची डाळ शिजत नाही. तो शिक्र्याच्या, म्हणजे एका छोट्या शिकारी पक्ष्याच्या, आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. स्क्रीनवर शिक्रा, फांदीवर कोतवाल. तेव्हा अ‍ॅपच्या भरवशावर पक्ष्यांची यादी भरू नका, पक्षी दिसेपर्यंत थांबा. सातभाईंचा थवा कलकलाट करत आला की बाकीचे आवाज बुडतात. तरी वैतागू नका, कारण पावशा आणि पावसाच्या तोंडावर आफ्रिकेतून येणारा चातक, दोघंही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात. हे कलकलाट करणारे असतील तिथंच ते दोघे ऐकू येण्याची आशा.

दुपारनंतर वारं सुटलं की उपयोग शून्य. जवळच्या विहिरीवर मोटार चालू असली तरी तेच. रात्रीच्या लाईटीला कडवळाला पाणी द्यायला जाल तेव्हा मात्र अ‍ॅप चालू ठेवाच. बांधावरून येणारं रातव्याचं चक्-चक्-चक्-चर्र ते चटकन पकडतं, आणि रातवा दिवसा पायाखाली आला तरी दिसत नाही.

राईत रेंज नसेल तर आपल्या भागाच्या पक्ष्यांचा डेटा घरीच उतरवून घ्या. फाईल मोठी आहे, फोनमध्ये जागा ठेवा. बॅटरी बऱ्यापैकी खातं.

अ‍ॅपमध्ये नमुन्याचे आवाजही असतात. ते स्पीकरवर लावून पक्षी जवळ बोलवायची टूम निघाली आहे, ती मला अजिबात पटत नाही. मृगाच्या सुमारास नवरंगाची दोन सुरांची शीळ सुरू होते, ती विणीच्या हंगामाचीच. तेव्हा स्पीकर लावला की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो घरट्याचं काम टाकून त्याच्यामागे लागतो.