तळं, टाकी, पिंजरा की खाडी? मत्स्यपालनासाठी सरकारी पैसा घेण्याआधी

मासे पाळायचं मनात आलं की गावात दोन सल्लागार हमखास भेटतात. पहिला सांगतो, "बायोफ्लॉक (टाकीतलं मत्स्यपालन) टाका, साठ टक्के सरकार देतं." दुसरा सांगतो, "सरकारच्या नादाला लागू नका, चपला झिजतील." साठ टक्के नेमके कोणाला मिळतात हे पहिल्याने सांगितलेलं नसतं, आणि चार टक्के व्याजाच्या कर्जाचं नाव दुसऱ्याने ऐकलेलं नसतं. हाताशी पाच-सात लाखांची पुंजी आणि थोडी जमीन किंवा जवळपास पाणी असलेल्या महाराष्ट्रातल्या कुटुंबाने, नाहीतर बचत गटाने, यातून काय निवडावं यासाठी हा आढावा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आधी पाणी, वीज आणि गिऱ्हाईक पाहून प्रकल्प ठरवावा, मग त्याला कोणता सरकारी पैसा बसतो ते बघावं. उलट्या क्रमाने गेलेल्यांच्या रिकाम्या टाक्या जिल्ह्याजिल्ह्यांत दिसतात.

सगळ्यात मोठा स्रोत म्हणजे प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना. ती सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली, आराखडा २०,०५० कोटींचा. मुदत आधी २०२४-२५ पर्यंत होती, ती २०२५-२६ पर्यंत वाढली. वीस हजार कोटींचा आकडा ऐकून हुरळू नका. त्यातले ५,७६३ कोटी लाभार्थ्यांनी स्वतःच्या खिशातून घालायचे म्हणून धरलेले आहेत. प्रत्येक प्रकारच्या प्रकल्पाचा एक मंजूर खर्च ठरलेला आहे. त्याच्या ४० टक्के खुल्या प्रवर्गाला आणि ६० टक्के महिला व अनुसूचित जाती-जमातींना मिळतात. आपल्याला उपयोगी पडतील असे आकडे एवढेच:

| प्रकल्प | मंजूर खर्च | ४० टक्के | ६० टक्के |
|---|---|---|---|
| गोड्या पाण्याचं नवं तळं, १ हेक्टर (बांधकाम ७ लाख + खाद्य व बीज, म्हणजे माशांची पिल्लं, ४ लाख) | ११ लाख | ४.४ लाख | ६.६ लाख |
| बायोफ्लॉक, ७ टाक्या | ७.५ लाख | ३ लाख | ४.५ लाख |
| जलाशयातला पिंजरा, एक | ३ लाख | १.२ लाख | १.८ लाख |
| कालवं-शिंपले, एक युनिट | २० हजार | ८ हजार | १२ हजार |

या आकड्यांत जमिनीची किंमत धरलेली नाही. मंजूर खर्चापेक्षा जास्त लागले तर ते तुमचे. शिवाय अनुदान आधी हातात पडत नाही. काम करायचं, पाहणी व्हायची, फोटो चढवायचे, आणि मग केंद्राचा व राज्याचा हिस्सा जमेल तसा हप्ता खात्यात येतो. म्हणजे साडेसात लाखांच्या प्रकल्पाला सुरुवातीला जवळपास साडेसात लाखच उभे करावे लागतात. तीन लाख घालून सुरू करू, बाकी सरकार देईल, असा हिशेब मांडला असेल तर इथेच थांबा.

साठ टक्क्यांसाठी बायकोच्या नावावर अर्ज टाकण्याची पद्धत सर्रास आहे. जमीन किंवा भाडेकरार, बँक खातं आणि रोजचं काम खरंच तिच्याकडे असेल तर त्यात काही गैर नाही. फक्त सही तिची आणि पाहणीला उत्तरं देणारा नवरा, असं असेल तर अडकायला होतं. कर्ज थकलं तर नोटीसही तिच्याच नावावर येते, हे घरात आधी बोललं जात नाही.

आता बायोफ्लॉक, कारण सगळ्यात जास्त विक्री त्याचीच चालते. ताडपत्रीची गोल टाकी, चार मीटर व्यास, दीड मीटर उंची. पाण्यात चोवीस तास हवा सोडायची आणि गूळ किंवा मळी घालून जिवाणू वाढवायचे. माशांच्या विष्ठेतला अमोनिया ते खातात, त्यांचे पुंजके होतात, ते पुंजके मासे खातात. पाणी फार बदलावं लागत नाही, जागा थोडी लागते. कल्पना उत्तम आहे. पण टाकीत मासे इतके दाट असतात की हवा बंद पडली तर त्यांच्याकडे फार थोडा वेळ उरतो. इन्व्हर्टर किंवा जनरेटर नसलेलं बायोफ्लॉक म्हणजे जुगार. ज्या फीडरवर पावसाळ्यात चार-पाच तास लाइट जाते तिथे मी तरी ते कोणाला सुचवणार नाही.

हिशेब मांडून पाहा. एका टाकीत साधारण १५ हजार लिटर पाणी मावतं. बेतानं धरलं तर टाकीमागे ३०० किलो, सात टाक्यांचे २,१०० किलो. चिलापी किंवा पंगेशियसला किलोला १०० रुपये मिळाले असं समजा, म्हणजे २ लाख १० हजार. एक किलो मासा वाढवायला १ किलो ३०० ग्रॅम खाद्य आणि खाद्याचा भाव ५० रुपये धरला तर १ लाख ३६ हजार खाद्यातच गेले. उरलेल्या सत्तरेक हजारांत बीज, वीज, डिझेल, औषधं आणि सहा-सात महिन्यांची मेहनत. भाव आणि वाढ मी गृहीत धरली आहे. तुमच्या बाजारचे आकडे घालून हेच गणित पुन्हा करा. विक्रेता दाखवतो ते टाकीमागचं उत्पादन घालू नका, त्याला टाकी विकायची असते. गणित जमतं ते जिवंत मासा विकणाऱ्याचं. शहराला लागून जागा असेल, देशी मागूर किंवा सिंगी जिवंत घेणारं गिऱ्हाईक ठरलेलं असेल, तर भाव दुपटीकडे जाऊ शकतो. मागूर म्हणजे देशीच; थाई मागुरावर बंदी आहे आणि ते सापडलं तर मत्स्यव्यवसाय खातं ते नष्ट करून टाकतं.

विजेच्या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्यात शेतीच्या दराने वीज हा मोठा मुद्दा होता. पण निर्णय मुंबईत होतो आणि बिल महावितरणच्या तुमच्या उपविभागातून येतं. टाक्या मागवण्यापूर्वी तुमच्या जोडणीला कोणता दर लागेल ते तिथे विचारा.

तळं याच्या अगदी उलट स्वभावाचं. कटला, रोहू, मृगळ एकत्र सोडायचे. एक वरचं खातो, एक मधलं, एक तळाचं. चुना, शेणखत, भाताचा कोंडा, शेंगदाणा पेंड यावर बरंच भागतं. हेक्टरी तीन-चार टन नीट सांभाळलेल्या तळ्यातून निघतात. लाइट गेली म्हणून रात्रीत सगळं मरत नाही. मंजूर खर्चाच्या तुलनेत धोका सगळ्यात कमी इथेच आहे, आणि म्हणूनच त्याची जाहिरात कोणी करत नाही.

अडचणी दोन ठिकाणी येतात. पहिली पाणी. मराठवाड्यात आणि सोलापूर-नगरच्या बाजूला कित्येक तळी मार्चपर्यंत तळ गाठतात. तिथे ऑगस्टमध्ये मत्स्यजिरे (नुकतीच निघालेली बारीक पिल्लं) सोडले तर काही हाती लागत नाही. दोन पैसे जास्त देऊन मोठी बोटुकली (बोटभर वाढलेली पिल्लं) सोडा आणि फेब्रुवारीत विकून मोकळे व्हा. दुसरी अडचण भावाची. आपल्याकडच्या घाऊक बाजारात रोहू-कटल्याचा भाव आंध्रातून बर्फात येणाऱ्या ट्रकवर ठरतो. त्या ट्रकशी किमतीत भिडू नका. तुमचा मासा सकाळी काढलेला आहे, एवढाच तुमचा फायदा. तो आठवडी बाजारात आणि तळ्याच्या काठावरच वसूल होतो.

प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यात मासे सोडायचे असतील तर वेगळा विचार करा. मातीचा तळ नसल्याने पाण्यात नैसर्गिक खाद्य कमी तयार होतं, विकतचं जास्त लागतं. तीस बाय तीस मीटरचं शेततळं म्हणजे नऊ गुंठे. हेक्टरी अकरा लाखांचा हिशेब त्याला लावला तर सगळा मिळून लाखभर होतो, त्याचे ४० टक्के म्हणजे चाळीसेक हजार. शेततळं आधीच दुसऱ्या योजनेतून खोदलेलं असेल तर त्याच खड्ड्याच्या बांधकामावर पुन्हा अनुदान मिळत नाही. एवढ्यासाठी किती हेलपाटे घालायचे ते तुम्हीच ठरवा. मी असतो तर बीज स्वतःच्या पैशाने टाकलं असतं.

जलाशयातला पिंजरा कागदावर आकर्षक दिसतो. ९६ घनमीटरचा एक पिंजरा, तीन लाख खर्च, त्यात पंगेशियस. जमीन लागत नाही. पण पाणी तुमचं नसतं. तलावाचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, जागा पाटबंधारे खात्याची असते, आणि संस्थेतली भोई कुटुंबं पिढ्यान् पिढ्या तिथे जाळं टाकत आलेली असतात. बाहेरच्या माणसाने पिंजरे आणून बांधले की भांडण ठरलेलं. संस्थेचे सभासद असाल तर मात्र चारांपैकी हा मार्ग तुम्हाला सगळ्यात सोपा, कारण परवानगीचा निम्मा रस्ता झालेलाच असतो. उन्हाळ्यात पाणी किती उरतं हे आधी बघा. उजनी उणे साठ्यात जाते तेव्हा काठाजवळचे पिंजरे चिखलात टेकायला वेळ लागत नाही. आणि जाळी फाटून पळालेला परका मासा परत येत नाही; उजनीत चिलापीने काय केलं ते तिथल्या जुन्या मच्छीमारांना विचारा.

किनाऱ्यावर राहत असाल तर मत्स्यसंपदेच्या आधी दुसरं दार ठोठावा. कांदळवन म्हणजे खाडीतलं खारफुटीचं जंगल. राज्याच्या कांदळवन कक्षाची कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना २०१७ पासून आहे. गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती असेल तर तिच्यातल्या गटाला प्रकल्पाच्या ९० टक्के रक्कम मिळते, वैयक्तिक प्रकल्पाला ७५ टक्के. ६० टक्क्यांच्या पुढे हे फार मोठं अंतर आहे, आणि आश्चर्य म्हणजे खाडीकाठच्या अर्ध्या गावांना ते ठाऊक नसतं. खेकडापालन, जिताड्याचे पिंजरे, कालवं, शिनाणे (एका जातीचे शिंपले), शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन असं बरंच त्यात बसतं. बदल्यात कांदळवन राखायचं. ते तोडून तळी खोदण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. २००५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो रस्ता बंद आहे.

यातलं काय निवडावं यावर माझं मत ठाम आहे: कालवं आणि शिनाणे. त्यांना खाद्य घालावं लागत नाही, पाणी गाळून ती आपलं पोट भरतात. खर्च बांबू, दोरी आणि अंगमेहनतीचा. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं म्हणून शिनाण्यांचा हंगाम नोव्हेंबर ते मे एवढाच, आणि तो भाताच्या कामाच्या आड येत नाही. अडचण बाजाराची आहे. मालवण आणि गोव्याची हॉटेलं जवळ असतील तर माल जातो. पालघरमध्ये गिऱ्हाईक आधी शोधावं लागेल. आसपास गटाराचं पाणी सुटत असेल तर हे करूच नका, कारण पाण्यातली घाण हे जीव अंगात साठवतात.

चिंबोरीला, म्हणजे खाडीतल्या खेकड्याला, भाव चांगला मिळतो, हे खरं. पण तिला खाऊ घालायला रोज कचरा मासळी लागते, आणि त्या मासळीत पापलेट-बोंबलाची पिल्लं किती असतात ते बंदरावर उभं राहून बघावं. समुद्रातला साठा वाचवायच्या नावाखाली सरकारी पैसा घ्यायचा आणि पिल्लं चिंबोरीला घालायची, हे मला पटत नाही. तिला लागणारी लहान पिल्लंही आपल्या खाडीतून उचलली तर तोच प्रकार. तामिळनाडूतल्या राजीव गांधी मत्स्यशेती केंद्राच्या बीज केंद्रातून ती मागवता येतात. मागणी बरीच आधी नोंदवावी लागते.

खोल समुद्रातल्या नौकेसाठी मत्स्यसंपदेत १ कोटी २० लाखांचा मंजूर खर्च आहे. ४० टक्के अनुदान वजा केलं तरी गटाच्या डोक्यावर पाऊण कोटीच्या आसपास उरतात. २०१९ साली राज्याची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर घसरली, हा ४५ वर्षांतला नीचांक होता. मोठा अनुभव आणि भक्कम संस्था पाठीशी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

राहिलं कर्ज. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमार आणि मत्स्यशेतकऱ्यांनाही मिळतं. मासळीसाठी दोन लाखांपर्यंत सवलतीचं कर्ज ७ टक्क्यांनी, वेळेत फेडलं तर ३ टक्के परत, म्हणजे प्रत्यक्षात ४ टक्के. जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत तारणही लागत नाही. हा पैसा खाद्य, बीज, बर्फ, डिझेलसाठी. टाकी किंवा तळं बांधायला नाही. अनुदानाची वाट बघत खाद्य उधारीवर घेणारे व्यापाऱ्याच्या हातात सापडतात, त्यांनी हे कार्ड आधी काढावं. नव्याला बँक बहुधा हात वर करते. तलावाच्या ठेक्याची, भाडेकराराची किंवा नौका परवान्याची प्रत घेऊन गेलात तर बोलणं पुढे सरकतं. मत्स्यव्यवसाय व जलकृषी पायाभूत सुविधा विकास निधी मात्र वेगळ्या मापाचा आहे. बर्फ कारखाना, शीतगृह, बीज केंद्र अशा कामांना व्याजात ३ टक्क्यांपर्यंत सूट. पाच-सात लाखांच्या माणसाने त्याचा विचार करू नये, सहकारी संस्थेने जरूर करावा.

विम्याचंही बघून ठेवा. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेत हप्त्याच्या ४० टक्के रक्कम प्रोत्साहन म्हणून मिळते, तीही ठरलेल्या कमाल मर्यादेत. त्यासाठी राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर नोंदणी लागते. नोंदणी फुकट आहे, आधार आणि मोबाइल क्रमांक लागतो, आणि पुढच्या बऱ्याच कामांना तीच विचारतात.

अर्जासाठी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जाल तेव्हा योजनेचं पत्रक मागण्याआधी विचारा, की या वर्षी तुमच्या जिल्ह्याला कोणत्या घटकासाठी किती प्रकल्प मंजूर आहेत आणि मागच्या वर्षीच्या लाभार्थ्यांचा शेवटचा हप्ता पडला का. दुसऱ्याचं उत्तर कार्यालयात मिळालं नाही, तर त्या लाभार्थ्यांपैकी एखाद्याच्या तळ्यावर जाऊन या.