रायटर चांगलाय, पण डिस्क जुन्या प्लेयरवर लावायची असेल तर आधी हे वाचा

रेटिंग: ४/५

स्लिम यूएसबी डीव्हीडी रायटर आहे, लॅपटॉपला लावला की चालू, अ‍ॅडॅप्टर नाही, ड्रायव्हर टाकायची भानगड नाही. मी घेतला तो एकाच कामासाठी. ताईच्या लग्नाचा व्हिडिओ गावी आत्याला डीव्हीडीवर करून द्यायचा होता. आत्याकडे प्लेयर जुना, यूएसबी पोर्ट नसलेला, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी टीव्हीला जोडलेला, आणि मोबाईलवर लिंक पाठवतो म्हटलं तर ती म्हणते ते तुमचं तुम्ही बघा, मला आपली सीडी दे. तिच्यासाठी सगळ्याच सीडी.

आता मुद्दा असा की बरेच जण डिस्क बर्न करतात, लॅपटॉपवर मस्त चालते, जुन्या प्लेयरमध्ये टाकली की तो बराच वेळ घरघर करतो आणि मग ‘नो डिस्क’ दाखवतो, की लगेच रायटर फालतू म्हणून मोकळे. अहो रायटरचा काय दोष त्यात! निम्म्या वेळा तर लोकांनी मोबाईलमधली एमपी४ फाईल तशीच डिस्कवर कॉपी केलेली असते. ती झाली डेटा डिस्क. जुन्या प्लेयरला एमपेग-२ मधला व्हिडिओ लागतो, तोही व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरमध्ये, व्हीओबी आणि आयएफओ फाईली करून. डिव्हएक्स (व्हिडिओचा एक प्रकार) लिहिलेला प्लेयर असेल तर जुन्या प्रकारच्या एव्हीआय फाईली घेतो, पण मोबाईलचा व्हिडिओ ज्या एच.२६४ प्रकारात असतो, तो त्यालाही झेपत नाही. विंडोजमध्ये रिकामी डिस्क टाकली की विचारतं ना, पेनड्राईव्हसारखी वापरायची की प्लेयरसाठी, तिथे दुसरा पर्याय घ्या, पण तेवढ्यानं व्हिडिओ कन्व्हर्ट होत नाही हे लक्षात ठेवा. त्यासाठी मी डीव्हीडी स्टायलर हे सॉफ्टवेअर वापरलं, फुकट आहे, छोटा मेनूपण करून देतं. त्यात पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) निवडा, ७२० बाय ५७६.

दुसरी गोष्ट डिस्क. दुकानात मागितली की जी हाताला लागेल ती देतात, आणि आपणही डीव्हीडी म्हणजे डीव्हीडी असं धरून चालतो. पण एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कचे दोन प्रकार आहेत, डीव्हीडी-आर म्हणजे मायनस आर आणि डीव्हीडी+आर म्हणजे प्लस आर. मायनस आर १९९७ ची, प्लस आर आली २००२ मध्ये, दुसऱ्या गटाच्या कंपन्यांनी काढलेली. त्यामुळे त्याआधीच्या प्लेयरला प्लस आर हा प्रकारच माहीत नाही, काही घेतात, काही तोंड फिरवतात. प्लस आरमध्ये एक सोय आहे, बर्न करताना डिस्कवरची ओळख बदलून ‘डीव्हीडी-रॉम’ लिहिता येते, त्याला बुक टाईप म्हणतात, मग प्लेयरला वाटतं ही कंपनीतून छापून आलेली डिस्क आहे. पण ते रायटरनं करू दिलं पाहिजे, आणि ह्या रायटरमध्ये ते जमत नाही. म्हणून साधी मायनस आर घ्या.

आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी डिस्क, तर जुन्या प्लेयरसाठी नकोच. कारण सांगतो. छापील सिंगल लेयर (एकाच थराच्या) डिस्कवरून लेझरचा ४५ ते ८५ टक्के उजेड परत येतो, आरडब्ल्यूवरून साधारण १८ ते ३० टक्केच. डबल लेयरच्या छापील डिस्कचा आकडाही नेमका १८ ते ३० च आहे, त्यामुळे जुना प्लेयर आरडब्ल्यू पाहून तिला डबल लेयर समजतो, दुसरा थर शोधत बसतो आणि शेवटी दार उघडून देतो. त्यात लेन्सवर धूळ बसलेली असेल तर जुन्या लेझरला आधीच कमी दिसतं, म्हातारपणी चष्मा लागतो तसंच. लेन्स क्लीनर डिस्क फिरवून बघा, कधीकधी तेवढ्यावर भागतं.

आणि स्पीड. सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त स्पीड आपोआप धरतं. मी ते ४एक्सवर आणलं, वेळ जास्त लागला पण आत्याच्या प्लेयरवर शेवटपर्यंत चालली. आधी ८एक्सवर केलेल्या डिस्कला काय झालं बघा: मंगलाष्टकं व्यवस्थित, सप्तपदी व्यवस्थित, आणि पंगत सुरू झाली तसे चित्राचे चौकोन चौकोन, जिलेबीचं ताट अर्धं इकडे अर्धं तिकडे, काकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, आवाज मात्र पुढे चालूच. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटचा भाग बाहेरच्या कडेला, आणि कडेलाच रेकॉर्डिंग कच्चं राहण्याची शक्यता जास्त. म्हणून सुरुवातीची दोन मिनिटं बघून डिस्क पाहुण्यांना वाटू नका, शेवटचा भाग लावून बघा.

डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर ४.३८ दाखवतो, तो मोजणीचा फरक आहे, कुणी फसवत नाही. पण गच्च भरू नका, कड थोडी मोकळी राहिली तर बरी. बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदाला लागणारा डेटा, ५-६ मेगाबिटच्या आसपास ठेवा. डीव्हीडीची हद्द ९.८ आहे म्हणून तिथपर्यंत नेला तर बर्न केलेली डिस्क जुन्या प्लेयरवर अडखळते. दोन तासांचा व्हिडिओ साधारण ५ च्या बिटरेटला एका डिस्कमध्ये बसतो, लग्न त्याहून मोठं असेल तर सरळ दोन डिस्क करा. डबल लेयरची ८.५ जीबीवाली घेऊ नका, ती महागही पडते आणि जुन्या प्लेयरवर तिचा भरवसा आणखी कमी.

बर्न करताना फायनलाईझचा (डिस्क शेवटी बंद करून प्लेयरला वाचण्याजोगी करायचा) टिक काढू नका. आणि डिस्कवर कागदी स्टिकर लावून फोटोबिटो चिकटवायची हौस असेल तर ती कव्हरवर भागवा, स्टिकर जरा तिरका बसला की डिस्क फिरताना थरथरते. मार्करनं नाव लिहिलं तरी पुरतं.

आता रायटरबद्दल. आवाज कमी, गरम फारसा होत नाही, बर्न अधेमध्ये तुटला नाही. फक्त यूएसबी हबमधून लावू नका, सरळ लॅपटॉपच्या पोर्टला लावा, नाहीतर पॉवर कमी पडून मध्येच आचके देतो. केबल अगदी वीतभर आहे आणि आत चिकटवलेली, बदलता येत नाही, माझ्या लॅपटॉपचं पोर्ट मागच्या बाजूला असल्यानं रायटर कायम स्क्रीनच्या मागे लपतो. एक स्टार त्याचा कापला.