पॅरालॉइड बी-७२ : राळ चोख, पण आपल्या मे महिन्यात जपून

तान्हा पोळ्याचे जुने लाकडी नंदी, वाड्यातले रंगीत खांब, लाखेचा थर दिलेले देव्हारे. यांचे पोपडे निघू लागले की गावात पहिला हात जातो तो वॉर्निशच्या डब्याकडे. त्यापेक्षा पॅरालॉइड बी-७२ ही कृत्रिम राळ कितीतरी बरी. इथाइल मेथाक्रिलेट आणि मिथाइल ॲक्रिलेटचं हे कोपॉलिमर, म्हणजे दोन घटक जोडून केलेलं प्लॅस्टिक, पारदर्शक दाण्यांच्या रूपात मिळतं. ते उजेडाने पिवळं पडत नाही आणि वर्षांनंतरही ॲसिटोनमध्ये विरघळतं.

चपड्याचं, म्हणजे लाखेच्या वॉर्निशचं, नेमकं उलट. आपल्याच पूर्व विदर्भातल्या पळसा-कुसुमावरची ती लाख, पण जुनी झाली की लाल-पिवळी पडते आणि सहज विरघळत नाही. १९२० च्या दशकात इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांवर चपडा चढवला. तो काळवंडला, आणि तो उतरवायचं काम पुरातत्त्व खात्याच्या गळ्यात पडलं.

सुट्या पाकिटातून माल मागवला तर आधी चाचणी घ्या. चिमूटभर दाणे ॲसिटोनमध्ये टाकले की द्रावण काचेसारखं स्वच्छ व्हायला हवं. रंगाच्या दुकानातलं थिनर नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं कोण जाणे. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल आणि रंग असतो, तोही नको. थर्माकोलच्या कपात ॲसिटोन ओतलं तर कपच विरघळतो. घट्ट झाकणाची काचेची बरणीच घ्या.

खपल्या बसवायला ५ टक्के द्रावण पुरतं : ५ ग्रॅम दाणे, वर द्रावक घालून एकूण १०० मिली. दाणे थेट टाकले तर तळाशी गोळा होऊन चिकटतात, म्हणून मलमलीच्या पुरचुंडीत बांधून बरणीत लोंबकळत ठेवा. रात्रभरात विरघळतात.

आता द्रावक. निम्मी कामं इथेच बिघडतात. थर लाखेचा असेल तर अल्कोहोल तो धुऊन काढतं आणि ॲसिटोन मऊ करतं. टोल्युइन आणि झायलीनमध्ये मात्र लाख विरघळत नाही, म्हणून लाखकामावर तेच. रंगाचं काय ते आधी नंदीच्या पोटाखाली बघा. काडीवरचा कापूस द्रावकात भिजवून ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेवर नुसता फिरवा, घासू नका. कापसावर रंग आला तर थांबा. वाफ डोक्यात जाते. सपरीत, वाऱ्याच्या बाजूला बसा, सेंद्रिय वाफेच्या काडतुसाचा मास्क लावा, आणि चूल-बिडी लांब ठेवा.

ॲसिटोनचा दुसरा त्रास म्हणजे ते फार लवकर उडतं. उन्हाळ्यात राळ आत मुरण्याआधीच वर ओढली जाते आणि पृष्ठभाग चकाकतो. पावसाळ्यात उडताना गारवा धरतं, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पांढुरकी झाक येते. त्यामुळे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

शून्य नंबरच्या ब्रशने थेंब खपलीच्या कडेला टेकवायचा, तो आपोआप आत शिरतो. वरून लेप देऊ नका. सरसातल्या खडबडीत, बिनचमकीच्या रंगावर तर २-३ टक्क्यांच्या वर जाऊ नये, नाहीतर रंग कायमचा ओला दिसतो. द्रावक उडाल्यावर सिलिकॉनचा बेकिंग पेपर ठेवून, गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या चमच्याच्या पाठीने वळलेली खपली हलकेच दाबा. राळ मऊ होते आणि खपली बसते.

हाच गुण उन्हाळ्यात अंगाशी येतो. ही राळ ४० अंशांच्या आसपास मऊ पडते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ गाठतो. टिनाखालच्या माळ्यावर काय होत असेल ते सांगायला नको. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नंदीच्या मानेवर अक्षरं उलटी उमटतात आणि धूळ कायमची रुतते. कवेलूच्या मातीच्या घरात, जमिनीलगतच्या खोलीत, पेटीत काहीही न टेकता ठेवला तर निभतं. टिनाशिवाय जागाच नसेल तर त्याच घराण्यातली बी-४४ बघा. ती सुमारे ६० अंशांना मऊ होते, मात्र जास्त ठिसूळ आहे.

पीईजीचे (पॉलिइथिलीन ग्लायकोल, ओलावा धरून ठेवणारा पदार्थ) व्हिडिओ पाहून कुणी तो आणू नका. चीनमध्ये लिंतोंगच्या मातीच्या सैनिकांवर रंगाखाली झाडाच्या चिकाचं लॅकर आहे. जमिनीतून वर येताच ते सुकून काही मिनिटांत वळतं, म्हणून तिथे पीईजी २०० देतात. आपल्या कोरड्या लाकडाला ते नुसतं चिकट आणि ओलं करेल.

भुंग्याचा भुसा पडत असेल तर आधी कीड मारा, राळेने ती मरत नाही. आणि काम झालं की बैठकीच्या खालच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा : बी-७२, ५ टक्के, टोल्युइन, महिना, साल.