उभ्या पायापासून सुरुवात करणारा तायक्वांदो वर्ग

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरातील एका सभागृहात संध्याकाळी भरणाऱ्या तायक्वांदोच्या वर्गाला माझी मुलगी आणि मी दोघेही जातो; ती मुलांच्या तुकडीत आणि मी मोठ्यांच्या. एक सबंध पावसाळा तेथे काढल्यानंतरच हा अभिप्राय लिहीत आहे, कारण कोकणात कोणत्याही व्यायामशाळेची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर याच काळात होते. आपल्याकडे अशा प्रत्येक वर्गाला सरसकट ‘कराटे’ म्हणतात आणि बरेच पालक तीच अपेक्षा घेऊन येतात. येथे मात्र शिकवली जाते ती कोरियातील, १९५५ साली आजचे नाव मिळालेली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकांच्या यादीत असलेली विद्या, जिच्यात हातांपेक्षा पायांना कितीतरी अधिक महत्त्व आहे. कौले फोडण्याची प्रात्यक्षिके पाहण्याच्या इच्छेने आलेल्यांची निराशा होईल.

या वर्गाचे सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे लाथ शिकवण्याची पद्धत. तायक्वांदोतील सर्वाधिक वापरली जाणारी लाथ म्हणजे दोल्यो चागी, अर्थात बाजूने अर्धवर्तुळात फिरून येणारी लाथ. नवख्या मुलाला ती करायला सांगितली की तो पाय जमिनीपासूनच बाजूने भिरकावतो, तोल जातो आणि ताकद वाटेतच संपते. आमचे सर पहिले काही आठवडे ही लाथ मारूच देत नाहीत. आधी भिंतीला हात टेकवून गुडघा सरळ समोर उचलायचा, मग ज्या पायावर उभे आहोत त्या पायाची टाच किंचित उचलून चवड्यावर फिरवायची, इतकी की ती लक्ष्याच्या दिशेला यावी, त्याबरोबर खुबा वळवायचा आणि सर्वांत शेवटी गुडघ्याखालचा पाय झटक्याने सोडून तितक्याच वेगाने परत घ्यायचा. ‘पाय परत आला नाही, तर लाथ झालीच नाही’ हे त्यांचे वाक्य मुलांना तोंडपाठ झाले आहे. पॅडवर आदळते ते पावलाचा वरचा भाग, बोटे नव्हेत. हे न सांभाळल्यास पायाच्या बोटांना इजा होण्याची भीती असते.

उभ्या पायावर एवढा भर देण्यामागे ठोस कारण आहे. खुबा वळला आणि जमिनीवरचे पाऊल मात्र जागेवरच रुतून राहिले, तर पिळाचा सगळा भार गुडघ्यावर येतो. मुलांची शरीरे हे काही काळ निभावून नेतात. चाळिशी ओलांडलेल्यांना ते परवडत नाही. मोठ्यांच्या तुकडीत सर समोर उभे न राहता मागे उभे राहतात आणि प्रत्येकाच्या टाचेकडे पाहतात. कमरेच्या वर लाथ मारण्याचा आग्रह ते कोणालाही करीत नाहीत. समोरची आप चागी, बाजूची योप चागी आणि मागे वळून मारायची द्वी चागी या लाथा क्रमाने आणि कमी उंचीवरच येतात. वरून खाली आणायची नेर्यो चागी तर मांडीचे मागचे स्नायू मोकळे झाल्याचे पाहिल्याशिवाय ते शिकवीत नाहीत. चित्रफितींतील उड्या पाहून आलेल्या तरुणांना हे कंटाळवाणे वाटते आणि त्यांतील काही जण सोडूनही जातात. मला मात्र सर जे करतात तेच बरोबर वाटते.

पूमसे, म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका, येथे नेटाने घेतली जाते. रंगीत पट्ट्यांसाठी तेगुक नावाच्या आठ मालिका असतात आणि पहिल्या मालिकेत खालचा, मधला व वरचा अडथळा, मधला ठोसा व आप चागी एवढेच असल्याने ती सोपी भासते. पण वळताना पाऊल नेमके कोठे पडले हे सर खडूने खूण करून दाखवतात, तेव्हा सोपेपणाचा भ्रम उतरतो. चार्योत, क्योंग्ये, जुनबी या आज्ञा आणि हाना, दुल, सेत ही मोजणी कोरियन भाषेतच चालते. मुलांना ती इतकी भिनते की घरात जिना चढतानाही तीच ऐकू येते.

प्रत्यक्ष लढतीच्या सरावाबाबत माझे मत संमिश्र आहे. स्पर्धेत धडावर ठोशाला १, धडावर लाथेला २ आणि डोक्यावर लाथेला ३ गुण मिळतात. तीच लाथ गिरकी घेऊन मारली तर अनुक्रमे ४ आणि ५. लाथेचा आघात आपोआप नोंदवणारे इलेक्ट्रॉनिक छातीकवच आल्यापासून पुढचा पाय हवेत धरून नुसते टेकवत राहण्याची शैली सर्वत्र बोकाळली आहे. सर नवशिक्यांना ती करू देत नाहीत, हे स्वागतार्ह आहे. परंतु स्पर्धा जवळ आली की निवडक मुलांभोवती सगळा वर्ग फिरू लागतो आणि उरलेली मुले त्या काळात कोपऱ्यात एकमेकांसाठी पॅड धरून उभी राहतात. शुल्क सारखेच घेतले जाते, तेव्हा लक्षही सारखेच मिळायला हवे. छातीकवचे साधी आहेत आणि मापे अपुरी आहेत. लहान मुलांच्या अंगावर ती ढिली बसतात.

पावसाळ्यातील व्यवस्था ही या वर्गाची उणी बाजू. एकात एक गुंतवायच्या फोमच्या चटया दमट हवेत खालच्या लादीवरून सरकतात आणि दोन चटयांच्या मध्ये फट पडते. नेमक्या त्या फटीत चवडा अडकला, तर वर वर्णिलेली सगळी शिस्त व्यर्थ ठरते. आम्ही काही पालकांनी तक्रार केल्यावर चटयांच्या कडा चिकटपट्टीने बांधण्यात आल्या आणि दारात पाय पुसण्यासाठी गोणपाट आले, पण कुबट वास दसऱ्यापर्यंत गेला नाही. वीज गेली की पंखे बंद होतात आणि जाड कापडाचा डोबोक, म्हणजे तायक्वांदोचा गणवेश, अंगाला चिकटतो, त्यामुळे दुसरा जोड घेऊन ठेवावाच लागतो.

मासिक शुल्क ८०० रुपये आहे व ते रास्त आहे. पट्ट्याच्या परीक्षेचे शुल्क वेगळे असते आणि ते प्रवेशाच्या वेळी स्पष्टपणे सांगितले जात नाही, ही माझी नाराजी. परीक्षा दर तीन महिन्यांनी ठेवल्या जातात आणि त्यांत कोणी अनुत्तीर्ण झाल्याचे मी पाहिलेले नाही. वर्गात टाचेकडे एवढे लक्ष देणाऱ्या शिक्षकांनी परीक्षेतही तेवढेच कठोर व्हावे. रंगीत पट्ट्यांचे महत्त्व वर्गापुरते आहे हे पालकांनी ध्यानात ठेवावे. सोलच्या कुक्कीवोनचे, म्हणजे तायक्वांदोच्या जागतिक मुख्यालयाचे, प्रमाणपत्र काळ्या पट्ट्याच्या पातळीवर मिळते, आणि पंधरा वर्षांखालील मुलांना तेथे ‘दान’ या मोठ्यांच्या दर्जाऐवजी ‘पूम’ हा लहानांचा दर्जा दिला जातो. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी कोणती स्पर्धा ग्राह्य धरतात, हे वर्गात विचारण्यापेक्षा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारावे.

रविवारचा सराव भाट्ये किनाऱ्यावर होतो आणि त्याची वेळ ओहोटी पाहून ठरते. कोरड्या मऊ वाळूत पाऊल रुतते व फिरत नाही, म्हणून तेथे फिरत्या लाथा पूर्णपणे वर्ज्य असतात; ओल्या, घट्ट वाळूवर धावणे, उड्या आणि आप चागी एवढेच घेतले जाते. पोटऱ्या आणि घोटे यांना हा व्यायाम सभागृहापेक्षा अधिक मानवतो, असा माझा अनुभव आहे. कुवारबाव किंवा नाचण्याहून येणाऱ्या मुलांना पहाटे भाट्यापर्यंत पोहोचवणे पालकांना जड जाते, तेव्हा हा सराव ऐच्छिक ठेवला आहे हे योग्यच.

नवी तुकडी जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होते. मोठ्यांनी दिवाळीनंतरची तुकडी धरावी. तोवर चटया सुकलेल्या असतात आणि पहिले काही आठवडे, ज्यांत टाच फिरवण्याशिवाय फारसे काही करायचे नसते, ते कोरड्या जमिनीवर जातात.